शोकेसमधला लाल ट्रक

लाल ट्रकचा रोबो करायला सात हालचाली लागत. मागचा हौदा मधून दुभंगायचा, त्याचे दोन पाय होत. पाय गुडघ्यात सरळ करायचे. टप मागे लोटायचा, की खालून छाती दिसे. बॉनेटखालचे डोके बोटाने वर काढायचे. डावे दार बाहेर ओढायचे, तो डावा हात. त्यातली मूठ पुढे खेचायची. आणि शेवटी उजवे दार, ते ओढून वर फिरवले की खांद्यातली स्प्रिंग टक् असा आवाज करून जागेवर बसे. हा क्रम मी आजही न चुकता सांगू शकते. ज्या इमारतीत तो ट्रक होता तिचा पत्ता मात्र मला आठवून लिहावा लागतो.

ट्रक माझ्या मामाने आणला होता. मामा मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत कामाला होता आणि मी पहिलीत असताना एका फेरीहून परतताना तो हे खेळणे घेऊन आला. टप, छाती आणि पाय ओतीव धातूचे, टायर रबराचे, पोटाखाली चार स्क्रू. हातात घेतला की खलबत्त्यातला बत्ता उचलल्यासारखे वाटे. पुढच्याच फेरीत मामा आजारी पडला आणि बोटीवरच गेला. त्याची पेटी घरी आली, तो आला नाही. त्या दिवसापासून ट्रक खेळणे राहिला नाही. आईने तो शोकेसमध्ये, बाहेरगावाहून आलेल्या काचेच्या हंसांच्या आणि कधीही न वापरलेल्या सहा कपांच्या शेजारी ठेवला. दर गुरुवारी ती शोकेस उघडून प्रत्येक वस्तू पुसे. ट्रक ती सर्वांत शेवटी उचलायची, एका हाताने, आणि दुसऱ्या हाताने त्याच्या खालची काच पुसायची.

आमचे घर वसईच्या पश्चिमेला, तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर होते. वडील मुंबईतल्या एका कचेरीत कारकून होते. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे घरात कुळथाची पिठी, भात आणि सुका जवळा हाच नेहमीचा बेत. इमारतीच्या मागच्या भिंतीला लागूनच बस्त्यावबाबाची केळीची वाडी सुरू होत असे. वाडीच्या मधोमध बावखल होते, म्हणजे वाडीला पाणी देण्यासाठी पूर्वजांनी खणलेले मातीचे तळे. वसईत पश्चिमेकडे जवळपास प्रत्येक जुन्या वाडीला असे बावखल असते. सकाळी सहाला बस्त्यावबाबा पंप सुरू करी आणि त्या फटफट आवाजावर आमची इमारत जागी होई. पंपानंतर चर्चची घंटा, तिच्यामागून पाववाल्याची सायकल. उन्हाळ्यात बस्त्यावबाबाच्या अंगणात राजेळी केळी सोलून उन्हात मांडलेली असत. त्यांची सुकेळी होत, आणि दुपारभर जिन्यात त्यांचा गोड, जरा आंबूस वास साचून राही.

तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला हसनभाईंचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. ते आमच्याच तालुक्यातले. रविवारी सकाळी वडील त्यांच्या बाकावर जाऊन बसत आणि दोघे खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्यांबद्दल किंवा गावच्या एस.टी.बद्दल बोलत. हसनभाई चष्मा कपाळावर ठेवून काम करत आणि उर्दू वर्तमानपत्र वाचताना तो नाकावर आणत. वाचून झालेल्या वर्तमानपत्रांचा उपयोग दुरुस्त वस्तू गुंडाळण्यासाठी होई. आमचा रेडिओ, सबनीसांचा मिक्सर, वरच्या मजल्यावरच्या बाईंची इस्त्री, सगळे त्याच कागदांत गुंडाळून, सुतळीने बांधून घरोघर परत गेलेले होते. ते कागद कोणीही कधी दोनदा पाहिले नव्हते. पुढे जे झाले त्याच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे.

त्या हिवाळ्यात मुंबईत दंगली झाल्या आणि उन्हाळा लागता लागता स्फोट झाले. आमच्या भागात काहीही घडले नव्हते, तरी इमारतीचे वागणे बदलले. सोसायटीचे सेक्रेटरी सबनीसकाका दिवसातून दोनदा हातात बॅटरी आणि काठी घेऊन गच्ची, पाण्याची टाकी आणि जिन्याखालची मीटरची खोली तपासू लागले. आईने खिडकीतल्या कुंड्या आत घेतल्या. वडिलांनी जेवणाच्या डब्यावर रंगाने नाव घालून घेतले, कारण विसरलेल्या डब्यासाठी एका सहकाऱ्याला पोलिसांनी दोन तास बसवून ठेवले होते. आणि रोज अकराच्या सुमारास भोंगा लावलेली एक रिक्षा रस्त्याने जाई. बेवारस वस्तूला हात लावू नका, ती सांगे. ट्रान्झिस्टर, पिशवी, जेवणाचा डबा, खेळणी. यादी रोज याच क्रमाने असे. खेळणी शेवटी येत. मी तेव्हा सातवीत होते, आणि ते शेवटचे नाव ऐकताना माझी नजर आपोआप शोकेसकडे जाई.

सबनीसांचा मुलगा निशांत माझ्याच वर्गात होता. मार्चच्या अखेरीस त्याच्या आखातातल्या काकांनी त्याला नवा रोबो पाठवला. तोही लाल ट्रकच, पण पूर्ण प्लॅस्टिकचा. बोटे हलणारी, मान फिरणारी, अंगभर चकचकीत स्टिकर. दुपारी आई झोपली की मी शोकेस उघडून माझा ट्रक बाहेर काढी आणि आम्ही दोघे जिन्यात बसून त्यांची तुलना करत असू.

"तुझा म्हातारा किती स्टेपचा?" निशांतने पहिल्याच दिवशी विचारले.

"सात."

"माझा एकवीस."

"म्हणजे तुझा उभा राहीपर्यंत माझा जेवून झोपेल."

ते खरेच होते. शर्यत लावली की मी दरवेळी जिंकत असे. पण माझा रोबो उभा राहिल्यावर फक्त उभाच राहू शके आणि निशांतचा गुडघ्यावर बसे, मागे वळून पाही, बोट दाखवी. माझा खरा वाटे, त्याचा जिवंत. कोणता चांगला याचा निकाल लागेना, तेव्हा निशांत म्हणाला, "टाकून बघू. मोडला तो हरला."

मी नाही म्हणायला हवे होते. आम्ही पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून दोन्ही ट्रक एकदमच सोडले. निशांतचा फरशीवर आपटून उडाला, त्याचे एक दार निखळले, आणि त्याने खाली जाऊन ते दाबताच परत बसले. माझा उजव्या खांद्यावर पडला. उडाला नाही. मी उचलला तेव्हा उजवे दार लोंबत होते आणि आतली स्प्रिंग तुटून बाहेर आली होती. तो जड होता म्हणूनच मोडला, हे मला कळायला बराच काळ लागला. त्या क्षणी मला फक्त आईचा गुरुवार दिसत होता.

हसनभाईंनी दोन्ही ट्रक टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा खाली ओढला. जुन्याचे चार स्क्रू त्यांनी अर्ध्या मिनिटात काढले. नव्याला उलटसुलट करून पाहिले आणि परत ठेवले.

"ह्याला स्क्रूच नाय. चिकटवलेला आहे. मोडला की टाका."

"म्हणजे माझा फालतू?" निशांतने विचारले.

"फालतू कशाला? एवढ्या वरून पडला, मोडला काय? नाय ना? जुना बनवणाऱ्याला ठाऊक होतं की हा कधीतरी मोडेल, कोणीतरी उघडेल. म्हणून स्क्रू ठेवलेन. दोघांची तऱ्हा वेगळी." मग माझ्याकडे पाहून, "रडतेस काय गो? स्प्रिंग नाय मिळायची, तांब्याची तार वळून बसवतो. दोन दिवस दे."

"आईला सांगू नका," मी म्हणाले. "बाबांनाही नको."

"नाय सांगत."

"कुणालाच नको."

"बरं बाई, कुणालाच नाय. शब्द दिला."

ती बुधवारची दुपार होती. गुरुवारसाठी निशांतने त्याचा ट्रक मला दिला, बदल्यात मी त्याचे भूगोलाचे तीन नकाशे रंगवून देणार होते. मी तो ट्रकच्याच रूपात शोकेसमध्ये ठेवला, स्टिकर भिंतीकडे करून. दुसऱ्या दिवशी आईने नेहमीप्रमाणे शोकेस उघडली. हंस पुसले, कप पुसले. मग ट्रकला हात घातला आणि तिचा हात झटक्याने वर गेला, पायरी आहे असे समजून पाय टाकावा आणि तिथे पायरी नसावी तसा. ती क्षणभर ट्रक तसाच हवेत धरून उभी राहिली.

"हा बाहेर काढतेस का गं तू?"

"नाही," मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले.

तिने तो पुसला आणि परत ठेवला. स्टिकरची बाजू तिने पाहिली असणारच. दिवसभर मी तिच्या पावलांचा आवाज मोजत होते.

शुक्रवारी भूगोलाचा पेपर होता. पेपर सुटायची वेळ आणि हसनभाईंची नमाजाला जायची वेळ एकच. दुकान बंद असणार, म्हणून त्यांनी सांगितले होते की जाताना ते ट्रक मीटरच्या खोलीत फळीच्या मागे ठेवतील. त्यांचा मीटर तिथेच असल्याने त्यांच्याकडे किल्ली होती आणि ती खोली दिवसा बहुधा उघडीच असे. मी साडेबाराला येऊन ट्रक उचलायचा, वर न्यायचा, आई नळावर गेली की बदलायचा, एवढाच बेत होता. त्या दिवशी पेपर अर्धा तास उशिरा सुरू झाला.

मी आले तेव्हा सगळी इमारत रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभी होती. बायकांच्या कडेवर मुले, कोणाच्या हातात दागिन्यांचा डबा. गॅस बंद केला का, असे एकमेकींना विचारणे चालू होते. आई मला पाहताच पुढे आली आणि तिने मला स्वतःजवळ ओढून घेतले. सबनीसकाका घामाघूम झाले होते. ते तेच तेच पुन्हा सांगत होते.

"मीटरच्या फळीमागे. कागदात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला. कोपरा फाटलाय, त्यातून तांब्याची तार बाहेर आलीय. आत लाल काहीतरी, चाक दिसतं. खेळण्यातला ट्रक असावा."

"मग खेळणंच असेल की," कोणीतरी म्हणाले.

"अहो, काठीनं ढकलला, हलला नाही! एवढं जड खेळणं बघितलंयत कधी?"

"आणि कागद उर्दू आहे," मागून एक आवाज आला.

वर्षानुवर्षे आमच्या घराघरांत जे कागद सुतळीसकट कचऱ्यात गेले होते, त्यांतल्याच एका कागदाकडे ती माणसे आता पाहत होती. मी तोंड उघडले. त्याच क्षणी आईची बोटे माझ्या मनगटाभोवती आवळली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. समोर पाहतच, ओठ न हलवता ती म्हणाली, "गप्प राहा."

जड, हा शब्द तिने ऐकला होता. आदल्या दिवशी तिच्या हातात काय नव्हते ते तिला त्या क्षणी कळले, याबद्दल मला शंका नाही. तिला कशाची भीती वाटली, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. आपल्या घरातली वस्तू, उर्दू कागदात, जिन्याखाली, लपवून, असे उद्या चौकीत सांगावे लागेल याची असावी. निशांत त्याच्या वडिलांच्या मागे उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मग बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला.

पोलिसांना कळवायला एक जण गेला, पण तो परत येईपर्यंत थांबायची कोणाची तयारी नव्हती. बॉम्ब पाण्यात मरतो, असे कोणीतरी ठामपणे सांगितले. बस्त्यावबाबाची नारळ काढायची लांब आकडी आणली गेली. त्या आकडीने पुडके ओढून पाण्याने भरलेल्या बादलीत पाडले, बादलीच्या कडीत बांबू घातला आणि दोघांनी ती खांद्यावर घेऊन, माना शक्य तितक्या लांब वळवून, मागच्या वाडीत नेली. बादलीसकट सगळे बावखलात टाकले. पाण्याचा आवाज झाला. आम्ही रस्त्यावरून तो ऐकला आणि पुढच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही.

"अरे, माज्या बावखलात कशाला?" बस्त्यावबाबा ओरडत आला. "केळीला पानी कुठचं देऊ मी आता?"

"दोन दिवस नका देऊ. जीव महत्त्वाचा की केळी?"

"दोन दिवसात एप्रिलात काय राहतं रे केळीचं? घडं हायेत वर!"

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून हसनभाई येताना दिसले. डोक्यावर टोपी होती, हातात कलिंगडाची फोड कागदात धरलेली. गर्दी पाहून त्यांना वाटले कोणी गेले. त्यांनी तसे विचारलेही. सबनीसकाकांनी त्यांना सांगितले आणि मग विचारले, "पेपर तुमचा?"

"माझाच असेल. हितं दुसरा कोण वाचतो?"

"आत काय होतं?"

हसनभाई हसले. "खेळणं हो. दुरुस्त केलं नि ठेवलं."

"कुणाचं?"

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावर ती इतरांपेक्षा जास्त वेळ थांबली नाही. मी ती थांबावी म्हणून देवाची करुणा भाकत होते, आणि थांबू नये म्हणूनही.

"ते नाय सांगत. शब्द दिलाय."

"कुणाला शब्द दिलाय?" सबनीसकाकांचा आवाज एकदम खाली आला. माणसे नकळत एक पाऊल मागे सरकली. त्या तीन शब्दांनी जेवढी भीती पसरली तेवढी पुडक्यानेही पसरली नव्हती. हसनभाईंना ते दिसले. त्यांचे हसू गेले. त्यांनी दुकान उघडले नाही, शटरपाशी खुर्ची टाकून बसले. हातातली फोड त्यांनी खाल्ली नाही.

चौकीतून निरोप आला की पाण्याजवळ कोणी जाऊ नये, उद्या दुपारी माणूस येईल आणि दुकानवाल्याला जबाबासाठी नेईल. संध्याकाळी सहाला अंगणात सोसायटीची सभा झाली. गाळा रिकामा करून घ्यावा, असा एक कागद फिरला. वडील सातला आले तेव्हा तो आमच्या दारात पोहोचला होता.

जेवायला पिठी आणि भात होता. वडिलांनी दोन घास घेतले आणि म्हणाले, "हसन तसा माणूस नाही."

"मग सही कशाला केलीत?" आईने विचारले.

"सगळ्यांनी केली. आपलं एकट्याचं घर कसं वेगळं राहणार?"

आईने त्यांच्या पानात पिठी वाढली. पळी भांड्यावर आपटल्याचा आवाज झाला, तेवढाच. वडिलांच्या डोक्यामागे शोकेस होती आणि तिच्यात हलका ट्रक उभा होता. वडिलांनी मान वळवली असती तर त्यांनाही तो दिसला असता. आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहायचे टाळले, आणि एकमेकींकडेही.

शनिवारी सहाला पंप वाजला नाही. मी जागीच होते. त्या आवाजाशिवाय इमारत कशी जागी होते हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. दारांच्या कड्या, दबक्या आवाजातले बोलणे, कोणाची तरी खोकल्याची उबळ. दहाच्या सुमारास आई नळावर गेली तेव्हा मी मागच्या भिंतीच्या भगदाडातून वाडीत उतरले. बस्त्यावबाबा बावखलापासून बऱ्याच अंतरावर, केळीच्या बुंध्याला टेकून विडी ओढत बसला होता. पाने कडांना वळू लागली होती.

"मागं हो पोरी! तिकडं नको जाऊ."

"बाबा, तो बॉम्ब नाही. माझा ट्रक आहे."

त्याने विडी तोंडातून काढली.

"त्याच्यात धातू आहे म्हणून जड आहे. हसनभाईंनी तार बसवली, मी मोडला होता. त्यांना मीच सांगितलं होतं, कुणाला सांगू नका."

हे बोलताना माझे दात वाजत होते, एप्रिलच्या उन्हात. मला वाटले तो मला धरून वर नेईल.

"सायबाची, देवाची आन घे."

"तुमच्या की आमच्या?"

"कोनाच्या पन घे."

मी घेतली. त्याने विडी मातीत दाबली, उठला आणि पंपाकडे गेला. पंप सुरू करायचा पट्टा हातात घेऊन त्याने स्वतःवर क्रूस काढला. तेव्हा मला कळले की त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास बसलेला नाही.

पंपाच्या आवाजाने सगळ्या खिडक्या उघडल्या. "बंद करा! बस्त्याव, बंद कर!" सबनीसकाका भिंतीवरून ओरडत होते. लोक खाली आले, पण भिंतीच्या अलीकडे कोणी आले नाही. पाणी केळीच्या पाटात धावू लागले. बावखलात उन्हाळ्याने आधीच कंबरभर उरले होते, तरी ते उतरायला किती वेळ लागला मी सांगू शकत नाही. पाणी खाली जाताना कडेला ओल्या मातीचा पट्टा रुंद होत गेला. आधी बादलीची कडी दिसली. मग कडेवर पडलेले काळे पडलेले कागदाचे गोळे. मग चिखलात लाल रंग.

त्या वेळी मलाही भीती वाटली, हे लिहिणे आवश्यक आहे. तो माझा ट्रक आहे हे मला ठाऊक होते, तरी एवढी मोठी माणसे ज्याला भितात ते कदाचित काहीतरी वेगळेच असेल, रात्रभरात पाण्याखाली ते बदलले असेल, असे मला खरोखर वाटले. मी उतरले. चिखल गुडघ्यापर्यंत आला, गार होता. मागून कोणीतरी माझे नाव घेऊन किंकाळी फोडली. मी ट्रकला हात घातला आणि उचलला. तो जड होता. तेवढाच जड, जेवढा नेहमी असे.

मी लोकांकडे तोंड करून उभी राहिले. हौदा दुभंगला. भिंतीपलीकडची माणसे खाली वाकली, काही पळाली. पाय सरळ केले. टप लोटला, त्यातून पाणी सांडले. डोके काढले. डावे दार. मूठ. मग उजवे दार धरून वर फिरवले आणि ते बसेल की नाही या भीतीने डोळे मिटले. टक् झाले नाही. तांब्याची तार कुरकुरली, आणि हात वर राहिला.

आधी एक मूल हसले. मग सगळेच हसू लागले, इतके की एका बाईंना खाली बसावे लागले. बस्त्यावबाबाने कमरेवर हात ठेवून आभाळाकडे पाहिले. सबनीसकाका चष्मा पुसत म्हणाले, "अगं, मग काल बोलायचं ना! कुणाचा हा?"

"आमचा," आई म्हणाली. ती भिंतीपाशी उभी होती, हातात रिकामी कळशी.

"अहो वहिनी, मग तुम्हाला काल..."

आई कळशी घेऊन वळली आणि चालू लागली.

पुढे वीस वर्षे मी वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचे काम केले. बेवारस वस्तूची बातमी चार ओळींत बसते. संशयास्पद वस्तू, घबराट, खेळणे निघाले, नागरिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी अशा किती बातम्या छपाईला सोडल्या याची मोजदाद नाही. कागद कोणाच्या वर्तमानपत्राचा होता, हे त्यांपैकी एकीतही नव्हते आणि मीही कधी विचारले नाही.

तो सह्यांचा कागद फाडून टाकला, असे इमारतीत पुढे सगळे सांगत. मी तो फाडताना पाहिलेला नाही, आणि फाडलेला पाहिलेला माणूसही मला भेटला नाही. चौकीतून दुपारी माणूस आला, हसला, चहा पिऊन गेला. हसनभाईंना गाळा सोडायला कोणी सांगितले नाही. मी चिखलाच्या पायांनी दुकानात गेले तेव्हा ते रेडिओंचे सुटे भाग डब्यांत भरत होते.

"मीच सांगितलं सगळ्यांना," मी म्हणाले. "आता कुणी काही म्हणणार नाही."

"ठाऊक आहे." त्यांनी रोबो हातात घेतला, चष्मा खाली ओढला, हात वरखाली करून पाहिला. पोटाखालचे स्क्रू काढून आतले पाणी झटकले आणि प्रत्येक भाग फडक्याने कोरडा केला. "तार धरलीन बघ. गंजणार नाय. स्क्रू फार आवळू नको, कधी उघडायला लागला तर..."

"तुम्ही का चाललात?"

"घरात नातवंडं हायत गो," ते म्हणाले आणि रोबो माझ्या हातात दिला. तो त्यांनी कागदात गुंडाळला नाही.

रविवारी वडिलांनी त्यांचे सामान टेंपोत चढवायला मदत केली. मोठे टेबल दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलले. मी खिडकीतून पाहत होते. गावच्या एस.टी.चा विषय निघाला नाही.

निशांतचा ट्रक मी त्याला परत केला. पुढच्या वर्षी त्या रोबोची मान तुटली आणि निशांतने तो टाकून दिला. माझा ट्रक पुन्हा शोकेसमध्ये गेला आणि घरे बदलली तशा तीन शोकेस बदलल्या. तांब्याची तार हिरवट झाली आहे, पण सुटलेली नाही. आई शेवटपर्यंत दर गुरुवारी शोकेस पुसत असे. हंस उचलायची, कप उचलायची. ट्रकपाशी आली की फडके त्याच्या भोवतीने फिरवायची आणि काच लावून घ्यायची. त्याला तिने पुन्हा हात लावला नाही.